गुळगुळीत रेघ

पडद्यावरची रेघ फार गुळगुळीत होती. विनया कुबलला सगळ्यात आधी खटकलं ते हेच.

ती महिनाभर हैदराबादला राहून आली होती. माहिती-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला तिनंच जावं, असा तिच्या नावानिशी आदेश दिल्लीहून आला होता. त्या प्रशिक्षणात तिला नवं असं काही नव्हतं. तिथं बसून बसून ‘मला इथं का पाठवलंय’ हा प्रश्न मात्र रोज थोडा जास्त टोचायला लागला होता. आज सोमवारी ती आचवलीच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, पश्चिम सागर संशोधन केंद्रात, आपल्या खोलीत परत येऊन बसली आणि खांद्यावरची पर्स न काढताच तिनं ऑक्टोबरचा आलेख उघडला. रेघ इस्त्री फिरवल्यासारखी दिसत होती.

केंद्राचं सगळं काम एका तारेवर चालायचं. इंटरनेटसाठी समुद्रतळावर अंथरलेली एक जुनी केबल कंपनीनं मोडीत काढली होती आणि तिचं एक टोक आचवलीला वर येत होतं. केंद्राचे संचालक डॉ. दिगंबर सोमण यांनी ती मागून घेतली. केबलच्या पोटात केसाएवढा काचेचा तंतू असतो. त्यात लेझरचा झोत क्षणभर सोडला, की वाटेतल्या प्रत्येक जागेवरून त्यातला किंचितसा प्रकाश उलटा फिरतो. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते आणि त्याचा रंग किती सरकला यावरून तिथलं पाणी किती गरम आहे ते कळतं. केबल किनाऱ्यापासून उतरत उतरत खोल जाते, म्हणजे तिचा प्रत्येक तुकडा वेगळ्या खोलीवर. समुद्रात तिरका झोपवलेला एक अजस्र तापमापकच तो. वरचं गरम पाणी कुठवर आहे आणि थंड पाणी कुठून सुरू होतं, हे केंद्र तासातासाला सांगू शकत होतं.

त्या थराला महत्त्व होतं ते वादळांमुळे. चक्रीवादळ समुद्र घुसळतं, खालचं थंड पाणी वर आणतं आणि स्वतःच्याच चुलीत पाणी ओततं. पण गरम थर जाड असला तर कितीही घुसळलं तरी वर गरमच पाणी येतं. असं वादळ एका रात्रीत तिप्पट होतं. गेल्या काही वर्षांत अरबी समुद्राचा हा थर वाढत चालला होता. केंद्राच्या पानावर त्याची जाडी रोज प्रसिद्ध व्हायची आणि ती कुणालाही बघता यायची. वादळाचा अंदाज करणारी देशभरची गणितं हा आकडा घ्यायची, आणि आचवलीचे मच्छीमार तो सकाळच्या चहाबरोबर बघायचे.

आज पानावर आकडा होता पन्नास मीटरच्या आत. असल्या तापलेल्या वर्षी तो तिला पटेना. त्यातून रेघेला सुरकुती नव्हती. समुद्राच्या पोटात भरती-ओहोटीबरोबर मोठाल्या लाटा चालतात. वरून त्या दिसत नाहीत, पण थराची कड त्यांच्याबरोबर सारखी वर-खाली होते. खरी रेघ दातेरी असते. ही कुणीतरी घासून घेतलेली होती.

तिनं मूळ नोंदी उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर ओळ आली: ‘प्रवेश नाही. सुसंवाद कक्षाशी संपर्क साधावा.’

सुसंवाद कक्ष म्हणजे ग्रंथालयाच्या जागी उभारलेली काचेची केबिन. ऑगस्टमध्ये मंत्रालयानं हुकूम काढला होता, की हवामानाचे आकडे लोकांत घबराट पसरवतात, म्हणून प्रसिद्ध होण्याआधी ते कक्षाच्या नजरेखालून जावेत. कक्षात बसायला दिल्लीनं ऋतुजा इंगोले नावाच्या अकोल्याच्या अधिकारी पाठवल्या होत्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, सगळ्यांच्या आधी येणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर जाणाऱ्या. केंद्रात त्यांच्याबरोबर कुणी डबा खायला बसत नसे.

“मूळ नोंदी हव्यात मला,” विनयानं दारातूनच सांगितलं.

“लेखी मागणी करा मॅडम. मी वर पाठवते.”

“बारा वर्षं मी रोज त्याच बघतेय, पान क्वचितच.”

“हो. माहितीये मला,” इंगोले म्हणाल्या आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

सोमण सरांनी तिला चहा पाजला, हैदराबादच्या उन्हाची चौकशी केली आणि विषय आल्यावर चष्मा पुसायला घेतला. “विनया, येत्या रविवारी नव्या बंदराचं उद्घाटन आहे. मंत्री येतायत, चारशे होड्यांची फेरी निघणार आहे. तेवढं होऊन जाऊ दे. मग आपण बसून सगळं बघू.”

“सर, थर खरंच इतका पातळ आहे?”

“गणितात थोडी सुधारणा केलीय. दाखवीन तुला.”

सोमण सरांनीच तिला घडवलं होतं. मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या घरातली मुलगी समुद्रशास्त्रात डॉक्टर झाली ती त्यांच्या पाठबळावर. तेव्हा तिनं मनातल्या मनात बोट रोखलं ते काचेच्या केबिनकडे.

*

संध्याकाळी ती भावाकडे गेली. रघुवीर तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, दोन ट्रॉलरचा मालक आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. एरवी ती आली की तो ओट्यावरूनच हाक मारायचा. आज त्यानं जाळं विणायचं थांबवलंही नाही.

“कधी इलंस?”

“आज सकाळी. काय झालां, दादा?”

“तुका एक विचारूचा आसा. खरां सांग. तुमची ती तार आमका आयकता काय?”

मग त्यानं सांगितलं. नव्या बंदरासमोरचा समुद्र सरकारनं मासेमारीला बंद केला होता. पिढ्यान्‌पिढ्यांची सुरमईची जागा होती ती, म्हणून होड्या जायच्याच. आपण कुठं आहोत हे उपग्रहाला कळवणारं यंत्र बंद करून जायच्या. पण गेल्या महिन्यात तीन होड्या पकडल्या गेल्या. गस्तीची नौका शोधाशोध करत आली नव्हती, सरळ त्यांच्या अंगावर आली होती. होड्या जप्त झाल्या होत्या. उद्घाटनाच्या फेरीत आचवलीनं भाग घेतला तर त्या सुटतील, असा निरोप होता.

विनयाला त्याची शंका अगदीच खुळी म्हणता येईना. तंतूवरून परतणाऱ्या प्रकाशात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पाण्याची ऊब तो रंग हळूहळू बदलते, तर आवाज त्याला थरथरवतो. वरून इंजिन गेलं की तळावरची काच कणभर हलते आणि ते कळतं. पण थरथर त्यांच्या कामाची नव्हती. ती तासाभरात पुसली जायची. तशी व्यवस्था तिनं स्वतः बसवली होती.

“ऐकू येतां,” ती म्हणाली. “पण आम्ही ठेवणव नाय. सगळां पुसतव.”

“शपथ?”

“शपथ, दादा.”

रघुवीरनं मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती.

तिला त्याच्याकडून वेगळंच हवं होतं. केंद्राच्या तळघरात एक साधं उपकरण पडून होतं. दोरीनं समुद्रात सोडायचं आणि कुठल्या खोलीला किती तापमान आहे ते वाचायचं. तारेनं जे सांगितलं ते खरं का, हे त्यानं कळलं असतं. पण तारेवर शंभर मीटर पाणी हवं तर किनाऱ्यापासून चार-पाच तास आत जावं लागणार होतं.

“माका दर्यात नेशीत? गुरवारी?”

तिनं कारण सांगितलं. तो थोडा वेळ दोरा ओढत राहिला.

“नेतंय,” तो म्हणाला. “माका पण एक बघूचा आसा.”

*

गुरुवारी दुपारी समुद्र तेलासारखा स्वस्थ होता. लक्षद्वीपच्या पलीकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी होती, पण तो कमजोर राहील आणि ओमानकडे जाईल, असं गणितं सांगत होती. ही गणितं केंद्राच्या पानावरचाच आकडा घेतात, हे विनयाला माहीत होतं.

तिनं उपकरण सोडलं. रघुवीर तिच्या खांद्यावरून छोट्या पडद्याकडे बघत होता. वीस मीटर, एकोणतीस अंश. चाळीस मीटर, एकोणतीस. साठला तेच. दोरी जात राहिली आणि आकडा जागचा हलेना. नव्वदी ओलांडल्यावर कुठं तो घसरायला लागला.

तिनं उपकरण वर घेतलं आणि पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

“म्हणजे काय?” रघुवीरनं विचारलं.

“म्हणजे पानावर खोटां आसा. तो पट्टो हय इलो तर कमजोर रवाचो नाय.”

त्याचं लक्ष उत्तरेकडे होतं. बऱ्याच वेळानं तिकडे एक ठिपका दिसला, मोठा होत गेला, आणि पांढऱ्या गस्तीनौकेचा आकार आला. ती वाट वाकडी न करता सरळ त्यांच्याकडेच येत होती.

“विने,” रघुवीर अगदी शांतपणे म्हणाला, “सकाळी बंदर सोडलां तेव्हाच मी ता यंत्र बंद केलंय. आपण हय आसव ह्यां फक्त दोघांका म्हायत. एक तू, एक मी. मगे ह्येंका कोणी सांगलां?”

पायांखालच्या शंभर मीटर पाण्याखाली तार होती.

गस्तीवाल्यांनी कागद बघितले, दोरी बघितली, मासळी नाही हे बघितलं आणि यंत्र बंद ठेवल्याबद्दल समज देऊन सोडलं. परतीच्या सगळ्या वाटेत रघुवीर सुकाणूपाशी उभा राहिला. जेट्टीला उतरताना तिनं हात पुढे केला तेव्हा त्यानं तो धरला नाही. उपकरणाची पेटी तेवढी उचलून वर ठेवली.

*

शुक्रवारी सकाळी ती काचेच्या केबिनमध्ये शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

“थर कातरायचं काम कुठून होतं? इथून की दिल्लीहून?”

इंगोलेंनी लॅपटॉप मिटला. “हे मीच तुम्हाला विचारणार होते.”

“म्हणजे?”

“मला तुमच्या केंद्रावर लक्ष ठेवायला पाठवलंय. लपवत नाही मी ते. पण माझ्याकडे आकडे येतात तेच असे घासलेले. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं. मला वाटलं, तुम्ही करताय. मूळ नोंदींना हात लावणाऱ्या तुम्हीच होत्या. म्हणून तुम्हाला महिनाभर बाहेर पाठवा असं मी लिहिलं. तुम्ही गेल्यावर थांबतं का, ते बघायचं होतं.”

“आणि?”

“थांबलं नाही ना.”

केंद्रात मूळ नोंदींची किल्ली दोघांकडेच होती: हैदराबादला जाईपर्यंत विनयाकडे, आणि सोमण सरांकडे. दोघी उठून सरांच्या खोलीत गेल्या.

सोमण सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. जणू कुणीतरी विचारावं म्हणून ते वाट बघत होते.

“जुलैमध्ये मंत्र्यांचा माणूस आला होता,” ते म्हणाले. “तार बंद करायचं ठरलंच होतं. बंदर बांधून झालं होतं आणि त्याच्या शेवटच्या परवानगीला आपले आकडे आडवे येत होते. इतक्या जाड थराच्या समुद्रावर बंदर चालवायचं म्हणजे बांध दुप्पट उंच हवा. मी हातापाया पडलो. त्यानं दोन गोष्टी मागितल्या. थर जरा सौम्य दाखवायचा, आणि आवाजाच्या नोंदी पुसायच्या नाहीत, गस्तीला द्यायच्या.”

“हे लेखी आहे काही?” इंगोलेंनी विचारलं.

“असल्या गोष्टी कुणी लेखी देतं का?”

“मी माझ्या भावाला शपथ घेऊन सांगितलं, सर.”

त्यांनी मान खाली घातली. “विनया, खरा आकडा एकही मी पुसलेला नाही. सगळे जपून ठेवलेत. आज ना उद्या वारं बदलेल, तेव्हा बाहेर काढू. पण त्या दिवशी तार जिवंत असायला हवी ना? एकदा कापली की पुन्हा कोण जोडून देणार आहे?”

तिला त्यांचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याहून जास्त तिला भीती वाटली. जुलैमध्ये तो माणूस तिच्या खोलीत आला असता तर तिनं काय केलं असतं, याचं उत्तर तिला लगेच देता येईना.

“आणि रविवारी? चारशे होड्या?”

“वादळ येईलच असं नाही.”

“तुमच्या आकड्यावरून तसं वाटतंय. खऱ्या आकड्यावरून काय वाटतं?”

सोमणांनी कपाटातून जपून ठेवलेल्या आकड्यांची प्रत काढली आणि दोघींपुढे ठेवली.

“तुम्ही सांगा लोकांना,” ती म्हणाली. “तुमच्या नावानं सांगितलं तर फेरी थांबेल.”

“तू सांग. मी तुला अडवणार नाही.” मग ते म्हणाले, “पण मी सांगितलं तर उद्या तार राहणार नाही.”

इंगोलेंनी एक गोष्ट केली. आकडे वर पाठवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्या दुपारी त्यांनी दोन्ही रेघा पाठवल्या, घासलेली आणि खरी, आणि ज्यांना ज्यांना आकडे जायचे त्या सगळ्यांना पाठवल्या. सोबत चार ओळींत काय घडलंय ते लिहिलं. संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं: ‘प्राप्त झाले.’

*

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या लिलावाच्या शेडमध्ये सभा भरली. विनयानं उभं राहून सगळं सांगितलं. थर किती जाड आहे, पट्टा इकडे वळला तर काय होईल, आणि शनिवारी नव्या बंदरात होड्या नेऊन ठेवणं का धोक्याचं आहे. मग पाणी प्यायली आणि दुसरी गोष्टही सांगितली. तार आवाज ऐकते. दोन-अडीच महिन्यांपासून ते आवाज गस्तीला जात होते. तिला ते माहीत नव्हतं, पण केंद्र तिचंच होतं.

शेडमध्ये कुणी आरडाओरडा केला नाही. तो झाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

बाबी जुवाटकर उठला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. जप्त झालेल्या होड्यांपैकी एक त्याची होती.

“विनया, तुझा केंद्र म्हणता पन्नास. तू म्हणतंस नव्वद. काल केंद्र म्हणा होता आयकणव नाय, आज तू म्हणतंस आयकतव. आता आमी कित्यावर ठेवचो विश्वास? उद्या परवा म्हणशीत, ह्यांव खोटां होतां.”

त्याचं म्हणणं तिला शब्दाशब्दाला पटत होतं.

“आणि रविवारी नाय गेलंय, तर माझी होडी कोण सोडवतलो? तू?”

मागून रघुवीरचा आवाज आला. सभेत तो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता आणि आत्ताही बहिणीकडे बघत नव्हता.

“तिचां सोडा. ती माझी भयण आसा म्हणान मी बोलणय नाय. यंत्र दर्यात सोडलां तेव्हा मी थयसर होतंय. नव्वदीपर्यंत पाणी गरम होतां. दोनदा सोडलां, दोनदा बघितलंय. माझ्यो होड्यो जावच्यो नाय. तुमी तुमचां बघा.”

सभा तशीच पांगली. शनिवारी दुपारी आचवलीच्या बऱ्याचशा होड्या खाडीत आत नेऊन बांधल्या गेल्या. चाळीसेक मात्र नव्या बंदराकडे गेल्या. इतर गावांच्या तर पुष्कळच होत्या. बाबीनं भावाची होडी घेतली होती. जेट्टीवरून जाताना त्यानं विनयाला हात केला. राग धरून ठेवणारा माणूस नव्हता तो.

*

तोवर कोकणासमोर येऊन पोहोचलेला पट्टा शनिवारी संध्याकाळी किनाऱ्याकडे वळला आणि रात्रीतून त्याचं वादळ झालं. पहाटे ते किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याला चक्रीवादळ म्हणावं की नाही यावर वाहिन्यांवर चर्चा चालली होती. नव्या बंदराचा बांध पातळ थराच्या समुद्रासाठी बांधलेला होता. लाटा त्यावरून नुसत्या उडाल्या नाहीत, चालत गेल्या. बांधाच्या आड बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. होड्यांवर झोपलेल्यांपैकी सव्वीस जण गेले. त्यांत आचवलीचे पाच होते. बाबी दोन दिवसांनी सापडला.

मंत्र्यांचा कार्यक्रम शनिवारी दुपारीच जिल्ह्याच्या गावी, एका सभागृहात हलवला होता, हे नंतर कळलं. होड्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. इंगोलेंनी पाठवलेलं कुणीतरी वाचलं होतं एवढाच त्याचा अर्थ. कुणी वाचलं, ते कधीच बाहेर आलं नाही.

बाबीच्या दारात विनया गेली तेव्हा त्याच्या बायकोनं तिला आत घेतलं, बसायला दिलं आणि विचारलं, “तुका खरांच म्हायत होतां?” विनया हो म्हणाली. त्यावर ती बाई म्हणाली, “मगे त्येका दोरयेन बांधून कित्याक ठेवलंस नाय?” आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

चौकशी समिती बसली. सोमण सर तिच्यासमोर गेले ते जपून ठेवलेले सगळे आकडे घेऊन. त्यांनी काही लपवलं नाही; मंत्र्यांच्या माणसाचं नावही घेतलं. तो माणूस म्हणाला, आपण केंद्रात कधी गेलोच नाही. इंगोलेंनी शुक्रवारी पाठवलेली खरी रेघ समितीच्या कागदांत कुठंच नव्हती. मग समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “डॉक्टर, एकाच दिवसाचे दोन आकडे तुमच्याकडे आहेत. एक तुम्ही त्याच दिवशी दिलात, एक वादळानंतर. यातला खरा कुठला, हे आम्ही कशावरून ठरवायचं?”

अहवालात लिहिलं होतं की केंद्राचा अंदाज चुकला, त्याच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, आणि अशा संस्थेवर जनतेचा पैसा घालणं योग्य नाही. थराचं मोजमाप यापुढे एक खासगी कंपनी करणार होती. आकडे तिच्या वर्गणीदारांना मिळणार होते. डिसेंबरात तारेच्या किनाऱ्यावरच्या टोकाला सिमेंटचं झाकण बसलं. इंगोलेंची बदली ईशान्येकडच्या कुठल्याशा कार्यालयात झाली. जाताना त्या विनयाला भेटून गेल्या. विनया निलंबित होती. सोमण पुण्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिनं तो वाजू दिला.

*

मार्चमध्ये एका सकाळी रघुवीर तिच्या दारात आला. वादळानंतर ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

“सोसायटीन तसली यंत्रां घेवचा ठरवल्यान,” तो म्हणाला. “दोरीची. ती कशी सोडूची, कशी वाचूची, ता शिकवशीत?”

ती लगेच आत जाऊन कागद-पेन्सिल घेऊन आली. एक यंत्र पुरेल, ती सांगायला लागली. रघुवीरची होडी सगळ्यात आत जाते, तर तिनंच मोजावं, म्हणजे आकडा तिच्याकडे येईल, मग ती तपासून—

“नाय,” तो म्हणाला. “तीन यंत्रां. तीन होड्यो, तीन घरांच्यो. एका जाग्यार जावचा, पण एकान दुसऱ्याचो आकडो बघूचो नाय. तुकाव तिघांनी वेगवेगळा सांगूचा. तिघांचे आकडे जुळतत काय ता आधी बघूचा, मगे तो आकडो शेडमधल्या फळ्यार लिहूचो.”

“माझ्यावर विश्वास नाय तुमचो?”

“नाय,” रघुवीर म्हणाला. त्यात राग नव्हता. “माझ्यावर पण नाय. बाबीचो पोरगो म्हणालो, तुमी दोघां भाव-भयण, तुमचो एकच आकडो आमी घेवचव नाय.”

तो गेल्यावर ती तशीच ओट्यावर बसून राहिली. दुखलं तिला. दुपारपर्यंत दुखत राहिलं. मग तिनं पाटी पुसल्यासारखा सगळा कागद पुसला आणि तीन होड्यांच्या हिशेबानं पुन्हा आखायला घेतला. दोन तास काम केल्यावर तिच्या लक्षात आलं, की केंद्रात बारा वर्षं आपण अशी एकही व्यवस्था केली नव्हती. सगळं एका तारेवर आणि दोन किल्ल्यांवर होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा तिन्ही होड्या बाहेर पडल्या. विनया शेडमध्ये फळ्यासमोर होड्यांशी उपग्रहावरून बोलता येणारा फोन घेऊन बसली. भोवती गावातली माणसं जमली होती. कुणी सहज आल्यासारखं करत होतं, पण सगळे फोनकडे बघत होते.

पहिला फोन रघुवीरचा. गरम थर पासष्ट मीटर. तिनं तो कुणाला न सांगता हातातल्या चिठ्ठीवर लिहिला.

दुसरा फोन शेजारच्या दांडी गावच्या फर्नांडिसांचा. तेही पासष्ट म्हणाले. तिला बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, इतकं तंतोतंत कसं? “फर्नांडिसबाबा, खरां सांगा,” तिनं विचारलं, “रघुवीरचो फोन इल्लो तुमका?”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “माका म्हायत होतां तू विचारतलंस. नाय इल्लो. माझ्या झिलाक विचार, फोन त्येच्याकडे आसा.” तिनं मुलालाही विचारलं.

तिसरा फोन वेळेत आला नाही. आला तेव्हा होडीवर बाबीचा मुलगा बोलत होता. आवाज बापासारखाच, थोडा चढा. तो म्हणाला, अठ्ठेचाळीस.

शेडमध्ये चुळबुळ झाली. तिच्या हातातली चिठ्ठी बघून कुणीतरी कुजबुजलं, पोरगो नवो आसा, दोघांचां धरा आणि लिहा पासष्ट. विनयाचा खडू फळ्याजवळ गेलाही होता. तो तिनं खाली ठेवला.

“दोरी सरळ होती काय रे? की होडी वाहत होती?”

“वाऱ्यान जरा सरकत होती. पण माका आकडो दिसलो तो मी सांगलंय.”

“बरोबर केलंस. इतरांचो काय इलो ता मी तुका सांगणय नाय. इंजिन लावून होडी एका जागी धर आणि परत सोड.”

“परत सोडतंय,” तो म्हणाला, आणि फोन चालूच ठेवला. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज येत राहिला, कप्पीवरून उतरणाऱ्या दोरीचा करकर आवाज येत राहिला, आणि शेडमधली सगळी माणसं फळ्याच्या कोऱ्या चौकोनाकडे बघत वाट पाहत उभी राहिली.